जुन्या ‘डी अँड डी’त पहिल्याच लेव्हलला पात्रं मरतात, म्हणून हिट पॉइंट वाढवावेत का?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. जुळे सोलापुरात तुम्ही सहा जण ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (‘डी अँड डी’) खेळताय, म्हणजे एक जण डीएम होऊन गोष्ट आणि राक्षस चालवतो, बाकीचे एकेक पात्र, आणि निकाल फाशांवर; तेही १९८१ च्या बेसिक नियमांनी. दोन बैठकांत चार पात्रं मेली. त्यातला एक मॅजिक-यूजर, म्हणजे जादूगार, तर जन्मालाच एक हिट पॉइंट (जिवाचा गुण, वार लागला की कमी होतो) घेऊन आला होता, तो पहिल्याच खोलीत गॉब्लिन या किरकोळ राक्षसाच्या भाल्याने गेला. आता कुणी नवं पात्र मन लावून बनवत नाही, नावसुद्धा ठेवत नाही, नुसतं ‘फायटर नंबर तीन’. म्हणून तुम्ही घरचा नियम काढलाय: पहिल्या लेव्हलला (लेव्हल म्हणजे पात्राची पायरी, अनुभवाने वाढते) फाशात कॉन्स्टिट्यूशनचा (‘कॉन’, म्हणजे पात्राच्या दणकटपणाचा) अख्खा आकडा मिळवायचा, आणि पुढे दर लेव्हलला फासा न टाकता पूर्ण गुण द्यायचे. हे चालेल का, असं विचारलंय.

पहिला भाग चालणार नाही. दुसरा चालवता येईल, पण तुम्हाला जे हवंय ते त्याने मिळणार नाही. कारणं सांगतो, आणि आम्ही काय करतो तेही सांगतो. त्यातलं पटेल तेवढं घ्या.

आमचा अड्डा साखर पेठेतल्या आमच्या घराच्या माडीवर. सुरुवातीला नियम म्हणजे कुणाच्या तरी पुस्तकाची फिकट झेरॉक्स होती, आणि आठपैलू, चारपैलू फासे सोलापुरात मिळायचा प्रश्नच नव्हता. चिवड्याच्या डब्यात एक ते आठ लिहिलेल्या चिठ्ठ्या टाकून आम्ही फायटरचे हिट पॉइंट काढायचो. आता फासे आहेत, खाली चादर अंथरतो म्हणजे आवाज होत नाही. चारपैलू फासा चादरीच्या घडीत तिरका उभा राहिला तर परत टाकायचा, एवढाच वाद उरलाय. मधल्या वर्षांत हिट पॉइंटबद्दल करता येतील त्या जवळपास सगळ्या चुका आम्ही करून घेतल्या आहेत. तुमच्या मनात असलेलीही.

आधी बघू की माणसं मरतात कशाने. त्या नियमांत हिट पॉइंट काढायला प्रत्येक क्लासला, म्हणजे पात्राच्या पेशाला, फासा ठरलेला आहे: फायटरला (लढवय्या) आठपैलू, क्लेरिकला (जखमा भरणारा पुजारी) सहापैलू, मॅजिक-यूजर आणि थीफला (चोर) चारपैलू. गॉब्लिनचा वार लागला की सहापैलू फाशाएवढं नुकसान. शून्यावर आलात की मेलात, मधे काही नाही. हिशेब मांडला तर नव्या फायटरला एक वार लागल्यावर तो मरायची शक्यता ४४ टक्के निघते, कॉनचा बोनस सोडून. मॅजिक-यूजर आणि थीफची ७५ टक्के. म्हणजे चार पात्रं गेली यात तुमचं काही चुकलं असं नाही, नियमच तसे आहेत.

पण हा आकडा ‘वार लागल्यावर’चा आहे, आणि इथे मला तुम्हालाच एक उलट प्रश्न विचारायचाय. त्या दोन बैठकांत गॉब्लिन किती वेळा पळून गेले? किती वेळा त्यांनी हल्ला न करता बोलणं सुरू केलं? बहुतेक नवे डीएम हे दोन फासे टाकतच नाहीत. समोरासमोर आल्यावर दोन सहापैलू फासे टाकून समोरच्याचा पवित्रा ठरवायचा असतो. दोन आले तरच थेट हल्ला, आणि दोन येण्याची शक्यता ३६ मध्ये एक. सहा ते आठ आले तर त्यांचंच काही ठरलेलं नसतं, तुम्ही काय बोलता त्यावर पुढचं. तसंच मनोबलाचं. साध्या गॉब्लिनचं मनोबल ७. त्यांच्यातला पहिला पडला की दोन फासे टाका. आठ किंवा जास्त आले तर ते पळतात, म्हणजे शंभरात ४२ वेळा. निम्मे पडले की परत एकदा टाका. हे फासे टाकले नाहीत तर प्रत्येक खोली शेवटच्या माणसापर्यंतची लढाई होते, आणि अशा खेळात हिट पॉइंट कितीही वाढवा, पुरत नाहीत. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं व्हायला नको. पुढच्या बैठकीला बाकी काही बदलू नका, फक्त हे दोन फासे टाका आणि काय होतं ते बघा.

हे तुम्ही आधीच करत असाल तर पुढे वाचा.

आता कॉनचा अख्खा आकडा मिळवायचा नियम. ऐकायला तो अगदी न्याय्य वाटतो, दणकट माणूस जास्त टिकणार. आम्हीही एका मे महिन्यात हाच नियम लावला होता. उन्हामुळे दुपारी बाहेर पडायची सोय नव्हती, त्यामुळे रोज खेळत होतो, आणि चौथ्या दिवशी लक्षात आलं की आमचा मॅजिक-यूजर रांगेत सगळ्यात पुढे चालतोय. हातात सुरी, अंगावर चिलखत नाही, आणि मागून फायटर हळूच येतोय. मी विचारलं, हे काय? मॅजिक-यूजरवाल्याने कागद पुढे केला. त्याची कॉन १५, फाशात आले होते २, झाले १७. फायटरची कॉन ८, फाशात ६, झाले १४. फायटरवाला म्हणाला, “मग मी कशाला पुढे जाऊ बे? तोच माझ्यापेक्षा जाड आहे.”

खरंच होतं त्याचं. मूळ नियमाने काय आलं असतं बघा. कॉन १५ ला अधिक एक, म्हणून मॅजिक-यूजरचे ३. कॉन ८ ला उणे एक, म्हणून फायटरचे ५. आमच्या नियमाने चित्र उलटं झालं. याचं कारण असं की आठपैलू आणि चारपैलू फाशांच्या सरासरीत फरक फक्त दोनाचा आहे, ४.५ आणि २.५. फायटर आणि मॅजिक-यूजर यांच्या जिवातलं अंतर ते एवढंच. त्यावर तुम्ही तीन ते अठरा कुठेही जाणारा आकडा टाकलात तर ते दोनाचं अंतर त्याच्यात बुडून जातं, क्लासला अर्थ उरत नाही. मूळ नियमात कॉन १३ ते १५ ला एक, १६-१७ ला दोन, १८ ला तीन एवढाच बोनस ठेवलाय तो कंजूषपणा म्हणून नाही. फासेच लहान आहेत, त्यांना एवढंच झेपतं. खरं तर चारपैलूला तोही जास्तच होतो. अठरा कॉनच्या मॅजिक-यूजरची सरासरी अडीचवरून साडेपाचवर जाते, दुपटीहून जास्त.

पुढे आलेल्या काही आवृत्त्यांत कॉनचा पूर्ण आकडा सुरुवातीला मिळवतात हे बरोबर आहे; २००८ च्या चौथ्या आवृत्तीत तसंच आहे. पण तिथे क्लासचा स्वतःचा आकडाही मोठा आहे, शस्त्रांचं नुकसान, राक्षस, उपचार, सगळं त्या मापाने शिवलेलं आहे. त्यातली एक बाही कापून इथल्या सदऱ्याला जोडली तर ती कोपराच्या खालीच लोंबणार.

दुसरा भाग, दर लेव्हलला पूर्ण गुण. पहिल्या-दुसऱ्या लेव्हलला हा नियम निरुपद्रवी आहे. त्रास पाचव्या लेव्हलच्या पुढे जाणवतो, आणि तोवर नियम मागे घ्यायची वेळ गेलेली असते. पाचव्या लेव्हलच्या फायटरचे सरासरी साडेबावीस, पूर्ण दिले तर ४०. मॅजिक-यूजरचे साडेबारा, पूर्ण दिले तर २०. त्याच लेव्हलला मॅजिक-यूजरला फायरबॉल, म्हणजे आगीच्या गोळ्याचा मंत्र, मिळतो, पाच सहापैलू फासे, सरासरी साडेसतरा. मूळ खेळात कुणी ‘फायरबॉल’ म्हटलं की माडीवर शांतता पसरते. पूर्ण गुण दिलेत तर मॅजिक-यूजरसुद्धा सरासरी फायरबॉल छातीवर घेऊन उभा राहतो, बचावाचा फासा चुकला तरी.

मग डीएमला वाटतं, राक्षसांनाही पूर्ण देऊ. ओगर या धिप्पाड राक्षसाचे चार आठपैलू फासे अधिक एक, सरासरी १९, पूर्ण दिले तर ३३. तलवारीच्या वाराची सरासरी साडेचार. चार-पाच वारांत पडणारा ओगर आता सात-आठ वार घेतो, आणि तेही लागलेले वार, हुकलेले वेगळेच. लढाई लांबते आणि कंटाळवाणी होते. यातली गंमत बघा, झोपवणाऱ्या ‘स्लीप’ मंत्राला हिट पॉइंटशी काही देणंघेणंच नाही, तो हिट डाइस, म्हणजे राक्षसाला किती फासे आहेत तेवढंच, मोजतो. १९ चा ओगर झोपतो तसाच ३३ चाही झोपतो. म्हणजे तुम्ही ज्या फायटरला मदत करायला निघालात त्याची तलवार बोथट झाली, आणि मॅजिक-यूजरचा एक मंत्र आहे त्याहून भारी झाला.

उपचारांकडे तर कुणाचं लक्षच जात नाही. क्लेरिकचा जखम भरायचा पहिला मंत्र सहापैलू फासा अधिक एक, सरासरी साडेचार. दिवसभर पूर्ण विश्रांती घेतली तर एक ते तीन. साडेबावीसवाल्याला साडेचार म्हणजे पाचवा हिस्सा. चाळीसवाल्याला तेवढंच औषध जेमतेम नववा हिस्सा पडतं. अर्धमेला होऊन परत आलेला चाळीसवाला फायटर खाटेवर दहा दिवस पडून राहणार. भांडं मोठं केलंत, पळी तीच राहिली. मग पळी मोठी करा, मग मंत्र वाढवा, असं करत एका वर्षात तुम्ही वेगळाच खेळ लिहून बसता. लिहायला हरकत नाही, पण तो विचार दोन बैठकांतल्या चार मढ्यांवरून करू नका.

आता आमच्याकडे काय चालतं ते.

पहिली गोष्ट फक्त पहिल्या लेव्हलपुरती: फाशावर १ किंवा २ आला तर परत टाकायचा, तीन किंवा जास्त येईपर्यंत. याचं मूळ त्याच १९८१ च्या पुस्तकात आहे. डीएमची इच्छा असेल तर पहिल्या लेव्हलला १ किंवा २ आल्यास परत टाकू द्यावं, अशी मुभा तिथे दिलेली आहे. आम्ही तिचा थोडा उदार अर्थ लावलाय एवढंच. मला ही युक्ती आवडते ती तिच्या हिशेबामुळे. चारपैलूची सरासरी अडीचवरून साडेतीन होते, सहापैलूची साडेतीनवरून साडेचार, आठपैलूची साडेचारवरून साडेपाच. प्रत्येकाची बरोबर एकाने वाढ. क्लासमधलं अंतर जागच्या जागी राहतं. आणि एक वार लागून पडायची शक्यता फायटरची ४४ वरून २८ टक्क्यांवर येते, मॅजिक-यूजरची ७५ वरून ५८ वर. धाक राहतो, पण एक हिट पॉइंटवाला विनोद संपतो.

दुसरी, आणि माझ्या मते खरी दुरुस्ती, शून्यावर आहे. शून्यावर आला की पात्र मेलं असं आम्ही म्हणत नाही, ‘पडलं’ म्हणतो. ते जिवंत आहे का मेलं हे कुणालाच माहीत नसतं, मलाही नाही. कुणीतरी जवळ जाऊन त्याला उलटं करून बघायचं, तेव्हाच त्या खेळाडूने मृत्यूपासून बचावाचा फासा टाकायचा. पहिल्या लेव्हलच्या फायटरला वीसपैलूवर १२ किंवा जास्त लागतात, मॅजिक-यूजरला १३, क्लेरिकला ११. ड्वार्फ आणि हाफलिंग या बुटक्या जमातींच्या पात्रांना ८ पुरतात, आणि ड्वार्फ घेणाऱ्याला त्याचा रास्त अभिमान वाटतो. वाचलं तर एक हिट पॉइंट, आणि त्या दिवशी पुन्हा पडलं तर मग फासा नाही. साथीदार पळून गेले तर तोही विषय संपला.

वरच्या आकड्यांना हे जोडा. वाचवायला कुणी पोचलं तर एका वाराने खरोखर मरायची शक्यता फायटरची साधारण १५ टक्के उरते, मॅजिक-यूजरची ३५. परत टाकण्याने वाढलेल्या त्या सरासरी एका गुणापलीकडे एकही हिट पॉइंट जास्त न देता. राक्षस, मंत्र, उपचार, कशालाही हात लागलेला नाही.

आणि आकड्यांपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे माडीवर काय घडतं. मधे आम्ही यात एक सुधारणा केली. पात्र पडलं की खेळाडूने फासा तेव्हाच टाकायचा, पण वाटीखाली. वाटी उचलायची नाही. उरलेल्यांची लढाई चालू राहते. त्या खेळाडूची नजर वाटीवर, बाकीच्यांचीही. एकदा आमच्यातला एक, घरी तेलुगू बोलणारा आणि एरवी अतिशय हिशेबी माणूस, दरवाजा उघडा दिसत असताना, दोन हिट पॉइंट उरले असताना, पडलेल्या थीफकडे परत फिरला. गॉब्लिनचा वार चुकवून पोचला. वाटी उचलली तर तीन. थीफ मेलेलाच होता. तो कागदाकडे बघत म्हणाला, “निदान त्याची पिशवी तरी घेतो.” त्या पिशवीतल्या दोरीने पुढे तिघं विहिरीतून वर आले. तो थीफ आमच्याकडे अजून सगळ्यांना आठवतो. जिवंत असलेले कितीतरी आठवत नाहीत.

तुमचा खरा प्रश्न माझ्या मते इथे आहे. पात्रं मरतायत ही तुमच्या मित्रांची तक्रार नसावी. मरणाच्या आधी आणि नंतर कुणाला काही करताच येत नाही, ही असावी. फासा पडला, कागद फाडला, संपलं. तिथे मधे एक श्वास घ्यायला जागा करून द्या.

तिसरी गोष्ट लेव्हल वाढल्यावरची. दर वेळी सगळे फासे नव्याने टाकायचे. बेरीज जुन्यापेक्षा जास्त आली तर ती घ्यायची, नाहीतर जुन्यात एक मिळवायचा. समजा फायटरला पहिल्या लेव्हलला ३ आले होते. दुसऱ्या लेव्हलला दोन फासे टाकले, २ आणि ५, झाले ७, घेतले. तिसऱ्याला १, २, ३, बेरीज ६. नको, जुन्या सातात एक मिळवून ८. कॉनचा बोनस असेल तर दर फाशामागे धरायचा. यात वाईट नशीब जन्मभर पाठीला चिकटून राहत नाही. उलट ज्याला पहिल्यांदा ८ आले तो फार पुढेही निघून जात नाही, हळूहळू सगळे सरासरीच्या आसपास येतात. नवव्या लेव्हलनंतर मूळ नियमातच फासे थांबतात, फायटर-थीफला दोन आणि क्लेरिक-मॅजिक-यूजरला एक असे ठरलेले गुण मिळतात आणि कॉनचा बोनसही बंद होतो. तिथे काही बदलायची गरज नाही. आमच्याकडून तिथवर पोचणारे इतके कमी की खरं तर हा प्रश्न आलाच नाही.

आता हे सगळं कशावर अवलंबून आहे तेही बोलायला हवं. तुमच्याकडे खरोखर १९८१ चं बेसिकच आहे ना, ते एकदा बघून घ्या. १९७७ ते १९७९ च्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ पुस्तकांवरून खेळत असाल तर तिथे फायटरला दहापैलू, क्लेरिकला आठपैलू आणि थीफला सहापैलू फासा आहे, आणि शून्यानंतर उणे दहापर्यंत जायची सोय डीएमच्या पुस्तकात आहे. त्यावर परत माझी वाटी ठेवू नका, एका दुखण्याला दोन औषधं होतील. १९७४ च्या मूळ पेटीत तर सगळ्या क्लासला सहापैलू फासाच होता, तिथे हिशेबच वेगळा.

किती वेळा भेटता, हेही बघा. आमच्याकडे गड्ड्याच्या यात्रेत कुणी येत नाही, पाणी येण्याच्या दिवशी दोघं उशिरा येतात, पण एरवी दर आठवड्याला बैठक होते, त्यामुळे पात्र मेलं तर पुढच्या रविवारी नवं. तुम्ही दोन महिन्यांतून एकदा भेटत असाल तर मरण जास्त महाग पडतं. सुट्टीत एकाच दिवसाचा खेळ असेल किंवा लहान मुलं बसणार असतील, तर बिनधास्त पहिल्या लेव्हलला पूर्ण गुण द्या. तिथे पाचव्या लेव्हलची चिंता कशाला?

आणि ज्यांना सुरुवातीपासून जरा दणकट पात्रंच हवी आहेत, त्यांनी हिट पॉइंटच्या नियमाला हात न लावता सरळ वरून सुरुवात करावी. सगळ्यांना अनुभवाचे २,५०० गुण देऊन टाका. फायटर, क्लेरिक, मॅजिक-यूजर, ड्वार्फ, हाफलिंग दुसऱ्या लेव्हलला येतात, थीफ तिसऱ्या. एल्फ बिचारा पहिल्याच लेव्हलला राहतो, त्याला दुसरीला ४,००० लागतात, पण त्याला मंत्रही येतात आणि तलवारही, त्यामुळे मला त्याची फारशी दया येत नाही. यात एक फायदा असा की या नियमांत पहिल्या लेव्हलच्या क्लेरिकला एकही मंत्र नसतो, दुसऱ्या लेव्हलला पहिला मिळतो. म्हणजे जखम भरणारा माणूस पहिल्या दिवसापासून सोबत.

तर तुमच्यासाठी क्रम असा: आधी पवित्रा आणि मनोबलाचे फासे, एक-दोन बैठका. मग १ आणि २ परत टाकणं. मग वाटी. लेव्हल वाढेल तेव्हा सगळे फासे नव्याने. एका बैठकीला एकच बदल करा, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही. आणि नियम बैठक सुरू होण्याआधी सांगा, कुणी पडल्यावर नाही. पडलेल्याच्या तोंडावर बदललेला नियम म्हणजे मेहेरबानी वाटते, आणि पुढच्या वेळी दुसरा पडला की त्यालाही ती हवी असते.

मेलेल्या चौघांना मागच्या तारखेने जिवंत करू नका. त्यांची प्रेतं त्याच खोलीत असू द्या, अंगावरच्या सामानासकट. नवी पात्रं तिथे पोचली की बघा, नावं आपोआप ठेवली जातात.

आणि वाटी स्टीलचीच घ्या. आम्ही पहिल्यांदा काचेचा पेला ठेवला होता, तिरकं बघितलं की आकडा दिसतो.